दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

मरीना समुद्रकिनाऱ्याजवळच्या तिरुवल्लिकेणीत बिग स्ट्रीटला लागून एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या एका इमारतीचे वरचे मजले मॅन्शनचे, म्हणजे नोकरीसाठी शहरात आलेल्या एकट्या पुरुषांना भाड्याने दिलेल्या खोल्यांचे, आणि खाली मागच्या बाजूला वकील कृष्णवेणीचं ऑफिस. वर दोऱ्यांवर लुंग्या वाळत असत आणि खाली माणसं आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी कापडी पिशवीत घालून तिच्या टेबलावर आणून ठेवत.

कोर्टात ती फारशी कधी उभी राहिली नाही. तिचं काम घरांचं. कोणी घर घ्यायला निघालं की जुने दस्त वाचायचे, घर कोणाकडून कोणाकडे गेलं त्याची साखळी लावायची, मध्ये एखादा वारस सुटला आहे का, कर्ज राहिलं आहे का ते पाहायचं, आणि मग आपल्या सहीने लिहून द्यायचं की घ्या, या घराला अडचण नाही. त्यानंतर खरेदीखताचा मसुदा, आणि सगळ्यात शेवटी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात घेणाऱ्याच्या शेजारी उभं राहणं. तिथे फोटो निघतो, अंगठा मशीनवर टेकवला जातो, सह्या होतात, आणि घर एकाचं दुसऱ्याचं होतं. लोकांना वाटतं, वकील लागतो तो त्या दिवशी. कृष्णवेणी म्हणायची, त्या दिवशी वकिलाला काम उरलं असेल तर त्याने आधी काही केलेलं नाही.

तिचं घराणं तंजावरचं. सरदार-दरकदारांबरोबर कधीकाळी दक्षिणेत उतरलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली मराठी माणसं. घरात बोलायची मराठी तीच जुनी, तमिळचा हेल लागलेली. जावई यश कोल्हापूरचा, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंशी पहिल्यांदा फोनवर बोलून झाल्यावर तो तिच्या मुलीला, नित्याला, म्हणाला होता, "तुझी आई बोलते तेव्हा वाटतं, आता पुढचं वाक्य बखरीतल्यासारखं 'रवाना कर्णें' असं येणार." नित्याने ते जाऊन आईला सांगितलं. कृष्णवेणी दोन दिवस हसत होती.

पण तिची ओळख या धंद्यात होती ती एका वेगळ्याच सवयीमुळे. विकायला निघालेल्या घरात बहिणीचा हिस्सा असला आणि ती भावाच्या नावे हक्कसोड करून देणार असली, तर कृष्णवेणी त्या बहिणीला जाऊन भेटायची. फोनवर नाही. भाऊ, भावजय, नवरा कोणी समोर नको. तिच्या स्वयंपाकघरात बसायचं, तिने दिलेली कॉफी प्यायची, आणि एकच प्रश्न विचारायचा: तू मनापासून सही करते आहेस ना? बाई हो म्हणाली की उठायचं. नाही म्हणाली तर घेणाऱ्याला सांगायचं, हे घर सोडा. मदुराई, सेलम, एकदा तर थेट हुबळी. बाकीचे वकील हसायचे. हक्कसोड पत्र रजिस्टर झालं की कायद्याचं काम झालं, कॉफी प्यायला कशाला जायचं? पण तिच्या सहीचं घर पुढे कधी कोर्टात गेलं नाही, हेही तेच वकील सांगायचे.

ही सवय कुठून आली ते तिने फार कोणाला सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तिला सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. तेराव्याचं जेवण झाल्यावर भावाने सगळ्यांसमोर तिच्यापुढे ताट ठेवलं. ताटात रेशमी साडी, हळदकुंकू, विडा, आणि साडीखाली कागद. त्यांच्यात तशीच पद्धत. बहिणीने सही करायची, साडी घ्यायची, भावाच्या घराला माहेर म्हणत राहायचं. कृष्णवेणीने तो कागद वाचला. त्या खोलीत त्याचा अर्थ तिच्याइतका कोणाला कळत नव्हता. तिने सही केली. कदाचित विचारलं असतं तरी केलीच असती. पण कोणी विचारलं नाही, आणि ते न विचारणं तिला आतून टोचत राहिलं.

नित्या तिची एकुलती एक. नवरा लवकर गेल्यावर मुलीला तिने त्याच ऑफिसात कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये वाढवलं. नित्या नुंगंबाक्कमला एका कंपनीत नोकरी करायची, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. श्रीनिधी झाली, सहा महिन्यांची रजा संपत आली, आणि घरात एकच विषय सुरू झाला. आईच्या जवळ घर घ्यायचं. मुलगी आजीजवळ राहील, नित्या निर्धास्त कामाला जाईल. यशला कंपनीच्या बसचा प्रवास तिरुवल्लिकेणीहून फार लांबचा पडणार होता. तो म्हणाला, "मी बसमध्ये झोपेन. दोघी-तिघी एका जागी असल्या की माझ्या डोक्याला घोर नाही."

आणि घर मिळालंही. कृष्णवेणीच्या राहत्या घराच्या मागच्याच गल्लीत. मानाजीरावांचं. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे दगडी ओटा, गच्चीवर गेलं की संध्याकाळी मरीनावरचा वारा. मानाजीराव त्यांच्यातलेच, तंजावरकर, बँकेतून निवृत्त झालेले. बायको वारली होती, मुलगा बंगळुरूला बोलावत होता. मॅन्शन बांधणारे त्यांच्या मागे लागले होते, जास्त द्यायला तयार होते. मानाजीराव कोणाला दाद देत नव्हते. आपल्या लोकांतली पोर आणि तिचं लेकरू या ओट्यावर बसतील तर अम्माला बरं वाटेल, असं ते म्हणाले. अम्मा म्हणजे त्यांची आई. घर तिच्या नावावर होतं आणि ती मृत्युपत्र न करता गेली होती.

म्हणजे अर्धं घर बहिणीचं. बहीण रत्नप्रभा तंजावरला राहायची, सगळे तिला रत्नाक्का म्हणत. ती हक्कसोड करून द्यायला राजी होती. तारीख ठरवायची होती, एवढंच.

इथे पहिली चूक झाली. कृष्णवेणीला काम शिकवलेले जुने वकील रामस्वामी नेहमी सांगत की घरच्यांचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर जावेत. आपल्या माणसासाठी वाचताना डोळा एक तर काही पाहत नाही, नाहीतर नसलेलं पाहतो. तिने स्वतः हे पाळलं होतं. भावजयीच्या भावाचं घर आलं तेव्हा तिने सरळ रामस्वामींकडे पाठवलं होतं. आता नित्यानेच आठवण केली.

"अम्मा, रामस्वामी मामांकडे देऊया की. ते आनंदाने करतील. तूं नुसती आई म्हणून ये."

"माझ्या पोरीचं घर दुसरा कोण वाचणार गे?"

"तूच म्हणतेस ना, घरच्यांचं..."

"तें दुसऱ्यांना सांगायचं," कृष्णवेणी म्हणाली, आणि दोघी हसल्या. विषय तिथे संपला.

कागद स्वच्छ होते. इतके स्वच्छ की तिला बरं वाटण्याऐवजी चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिने ते पुन्हा वाचले. बँकेच्या वकिलानेही होकार दिला होता. आता रत्नाक्काला भेटायचं राहिलं होतं. एग्मोरहून गाडी पकडून ती तंजावरला गेली.

रत्नाक्का शाळेतून निवृत्त झालेली, विधवा. मुलगा-सून वर राहायचे, ती खाली. तिने वांग्याचं भरीत आणि सांबार केलं होतं. जेवणं झाल्यावर कृष्णवेणीने नेहमीसारखं स्वयंपाकघरातच पाट ओढून घेतला आणि विचारलं. रत्नाक्काने हातातला तवा खाली ठेवला आणि सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"दादाने अम्माला शेवटपर्यंत सांभाळलं. तीन वर्षं ती अंथरुणावर होती. मी इकडून जाऊन जाऊन किती केलं असेल? तें घर त्याचंच. मज काय नको. मी मनापासून देतों."

असं बोलताना ती कुठेही अडखळली नाही. डोळ्यांत पाणी नाही, आवाज चढला नाही, कोणाच्या पढवण्याचा वास नाही. दुसऱ्या कोणासाठी आली असती तर कृष्णवेणीने तिथल्या तिथे पिशवी उचलली असती. त्या दिवशीही उचलली. रत्नाक्काने वाटेत खायला कागदात चिमणी उंड्या, तंजावरी घरांतला खाऊ, बांधून दिल्या आणि दारात उभी राहून म्हणाली, अम्माच्या श्राद्धाला मी दरवर्षी दादाकडे येतों, आता नित्या त्या घरांत असेल, तर श्राद्ध झाल्यावर तुमच्याकडेच चार दिवस राहीन.

परतीच्या गाडीत कृष्णवेणीचं मन फिरलं. का फिरलं ते तिला पुढे कितीतरी दिवस नीट सांगता आलं नाही. चिदंबरम मागे पडेपर्यंत ती शांत होती. मग मनात आलं, वर राहणारा तो मुलगा. जेवताना एकदा खाली येऊन 'मामाचं घर विकणार ना?' एवढं विचारून गेला होता. उद्या रत्नाक्का नसेल. मुलगा म्हणेल, आईला काही कळत नव्हतं, तिला फसवून सही घेतली. नोटीस येईल ती नित्याच्या नावाने. श्रीनिधी तेव्हा शाळेत जात असेल. नित्या ऑफिसातून रजा काढून कोर्टाच्या पायऱ्या चढेल, यशच्या घरचे म्हणतील, आईच वकील होती ना? एकामागून एक चित्रं तयार होत गेली आणि प्रत्येक चित्रात नित्या होती. इतरांच्या मुलींसाठी तिने ही भीती कधी अशी वाढू दिली नव्हती. त्यांना ती म्हणायची, बाईने एकदा स्वच्छ सांगितलं की विश्वास ठेवायचा, नाहीतर जगात कोणी घरच घेणार नाही.

नित्याला तिने या भीतीचं काही सांगितलं नाही. हक्कसोड आणि खरेदीखत एकाच दिवशी करायचं ठरलं होतं. मुहूर्ताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसात झुंबड असते म्हणून यशने आधीच टोकन घेऊन ठेवलं होतं. नित्या संध्याकाळी आईकडे यायची ती मागच्या गल्लीतून चक्कर मारूनच. ओट्यावर श्रीनिधीला मांडीवर घेऊन फोटो काढायची. मानाजीराव आतून बिस्किटं आणून द्यायचे.

त्या मुहूर्ताच्या आठवडाभर आधी कृष्णवेणी पुन्हा तंजावरला गेली.

रत्नाक्काला आश्चर्य वाटलं, पण आनंदही झाला. काही राहिलं का म्हणून तिने विचारलं. कृष्णवेणी म्हणाली, राहिलं काही नाही, पण तुला सगळं माहीत असायला हवं. मग ती बोलत राहिली. घराला बाजारात काय भाव येतो. मॅन्शनवाले किती द्यायला तयार होते. कायद्याने तिचा वाटा दादाच्या वाट्याइतकाच कसा आहे, त्यात उपकार कोणाचे नाहीत. दादाने अम्माला सांभाळलं हे खरं, पण त्याने घरभाडंही कधी भरलं नाही, तेही मोजायला हवं. तुझं पुढचं म्हातारपण. सुनेचा स्वभाव. तिच्या तोंडून हे सगळं अतिशय शांतपणे, पुस्तकातून वाचावं तसं आलं. तिला वाटत होतं, इतकं सगळं ऐकूनही रत्नाक्का हो म्हणाली, तर ते हो लोखंडासारखं होईल. पुढे कोणी ते मोडू शकणार नाही. माझी नित्या निर्धास्त झोपेल.

बोलता बोलता तिचा आवाज थोडा बदलला. "साडी देतील, विडा देतील," ती म्हणाली. "ताटांत घालून देतात, म्हणून आपण विचारत नाहीं. तूं तरी विचार की अक्का."

चुलीवरची कॉफी उतू गेली तरी रत्नाक्काचं लक्ष नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "दादाला येवढं मिळणार हें त्याने मज का नाही सांगितलं?"

आपण काय करून बसलो, ते त्याच दुपारी कृष्णवेणीला कळायला हवं होतं. कळलंही असेल. ती घाईघाईने म्हणाली की तसं काही नाही, मानाजीराव सरळ माणूस आहे. पण सांगून झालेलं परत घेता येत नव्हतं. या वेळी रत्नाक्का दारापर्यंत आली नाही.

तिने भावाला फोन केला तो त्याच रात्री की दुसऱ्या दिवशी, कोणास ठाऊक. तिने फार काही मागितलं नव्हतं म्हणे, नुसतं विचारलं होतं. मानाजीरावांनी ते विचारणंच मनाला लावून घेतलं. आयुष्यात ज्या बहिणीने कधी हिशेब विचारला नाही तिने वकील मध्ये घालून विचारला, हे त्यांना सोसवेना. "अर्धं पाहिजे? मग अर्धंच घे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि अर्धं द्यायचं तर घर नित्याला ठरलेल्या भावात देणं परवडणार नव्हतं. मुलाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नव्हतं त्यांना. मॅन्शनवाला तयारच होता.

ते स्वतः येऊन नित्याला सांगून गेले. कृष्णवेणीच्या ऑफिसात नाही, नित्याच्या फ्लॅटवर. आगाऊ घेतलेली रक्कम परत केली, श्रीनिधीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला, आणि एवढंच म्हणाले की तुझ्या आईने दुसऱ्यांदा जायला नको होतं.

नित्या संध्याकाळी आली. मुलीला यशकडे ठेवून आली होती. कृष्णवेणी एका घराचा मसुदा तपासत होती. नित्याने दार लोटलं आणि अशिलांच्या खुर्चीवर बसली. तिच्यासाठी वेगळी खुर्ची होती, आतल्या बाजूला, लहानपणापासूनची.

"तूं दुसऱ्यांदा का गेलीस?"

"तुझ्यासाठीच गेले की. उद्या तिचा मुलगा—"

"अम्मा, तिने सांगितलं होतं ना. स्वच्छ सांगितलं होतं. तूच मला येऊन म्हणालीस, असं स्वच्छ मन कुठे पाहिलं नाही."

"हो. पण तूं आई झालीस, तुला कळेल. भीति वाटते गे."

"मलाही वाटते," नित्या म्हणाली. "माझी रजा संपतेय, त्याची वाटते. मुलीला कोणाकडे ठेवू, त्याची वाटते. ती भीति तुला दिसली नाही." मग खाली बघत ती म्हणाली, "तूं माझ्यासाठी नव्हतीस गेली. आजोबांच्या घराची सही तुझ्या मनात राहिलीय, ती तूं रत्नाक्काकडून पुसून घ्यायला गेलीस."

ती गोष्ट नित्याला माहीत आहे हे कृष्णवेणीला ठाऊक नव्हतं. तिने टेबलावरचा मसुदा सरळ केला, पुन्हा सरळ केला. नित्याने रडून घेतलं नाही, दार आपटलं नाही. निघताना तिने विचारलं, रात्री जेवायला काय केलं आहेस, आणि उत्तर ऐकलं तरी जेवायला न थांबता गेली.

मग सगळं भराभर झालं. यशने श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे एका नव्या संकुलात फ्लॅट पाहिला. कारखाना जवळ, खाली पाळणाघर, पलीकडे शाळा. नित्याने ऑफिसला आठवड्यातले बरेच दिवस घरून काम करायची परवानगी मागून घेतली. वकीलही त्यांनीच शोधला, यशच्या कारखान्यातल्या मराठी मुलांचं काम करणारा हेरंब, नुंगंबाक्कमला बसणारा. कृष्णवेणीला हे सगळं एकेक करून, बातमी सांगावी तसं फोनवर कळत गेलं. कागद एकदा दाखव, हे शब्द कितीदा तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले. नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं ती कोणासमोर शब्द गिळायला शिकली नव्हती.

मागच्या गल्लीतलं घर पाडायला घेतलं तेव्हा तिने भाजीला जायचा रस्ता बदलला. पण आवाज यायचाच. ओट्याचा दगड उपटताना मजुरांनी आरडाओरडा केला तो तिला स्वयंपाकघरात ऐकू आला.

त्याच सुमाराला रत्नाक्काचा फोन आला. कृष्णवेणीने क्षमा मागायचं मनात कितीदा जुळवलं होतं. फोन घेतल्यावर काहीच आठवेना. रत्नाक्का मात्र शांत होती. तिने आधी नित्याची, मुलीची विचारपूस केली. मग सांगितलं की तिचा वाटा तिला मिळाला, मुलाने वर गच्चीवर खोली बांधायला काढली. आणि अम्माचं श्राद्ध या वर्षी दादाने बंगळुरूला केलं. तिला कळवलं नाही. तिथी तिला पाठ होती, म्हणून तिने तंजावरलाच कावळ्याला पान ठेवलं.

"अक्का, माझं चुकलं," कृष्णवेणी म्हणाली.

"चुकलं की नाही मला नाही कळत," रत्नाक्का म्हणाली. "तूं खोटं काही नाही सांगितलंस. पण तूं पहिल्यांदा विचारलंस ना, तेव्हा मी खरंच सांगितलं होतं. आतां मला आठवत नाही, तेव्हा मला येवढं सोपं कसं वाटत होतं."

पुढे दोघींनी पावसाचं, तंजावरच्या उकाड्याचं बोलून फोन ठेवला. त्यानंतर कृष्णवेणीने बाकीच्यांच्या बहिणींना भेटायचं थांबवलं नाही. पण आता ती बाई हो म्हणाली की जरा जास्तच लवकर उठायची. कॉफी अर्धी राहायची.

नित्याच्या फ्लॅटच्या खरेदीचा दिवस ठरला तेव्हा तिचा फोन आला. अम्मा, श्रीनिधीला सांभाळायला येशील का, सह्या करताना ती कडेवर नको. कृष्णवेणी म्हणाली, येते की. बाकी काही विचारायचं नाही, एवढं तिने स्वतःला बसमध्ये बसल्यापासून बजावलं.

सब-रजिस्ट्रारचं ऑफिस ती ओळखत नव्हती, तिच्या भागातलं नव्हतं. पण आतलं सगळं ओळखीचं होतं. टोकनचे आकडे पुकारणारा आवाज, झेरॉक्सला धावणारी माणसं, घामेजलेले नवरे, नवीन साड्या नेसून आलेल्या बायका. आयुष्यभर ती इथे घेणाऱ्याच्या उजव्या हाताला उभी राहिली होती. आज भिंतीलगतच्या बाकावर बसली, मांडीवर श्रीनिधी. मुलगी आता चालायला लागली होती. आजीच्या मांडीवर ती आधी अवघडून बसली, मग चष्म्याच्या दोरीशी खेळू लागली.

हेरंब तरुण होता, नीटस, विनयाने वागणारा. नाव ऐकल्यावर तो लगबगीने बाकापाशी आला. म्हणाला, मॅडम, तुमच्याबद्दल ऐकलंय, तुम्ही बहिणींना घरी जाऊन भेटता. मग त्याने हातातली फाइल पुढे केली. "आत जायच्या आधी एकदा नजर टाकता का? माझ्या मनाला बरं."

समोर नित्या उभी होती. तिने आईकडे पाहिलं आणि लगेच काउंटरवरच्या अंगठ्याच्या मशीनकडे पाहिलं. यश पाण्याची बाटली उघडत होता, तो थांबला. फाइल कृष्णवेणीच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. वरचा कागद तिला उलटाही वाचता येत होता. जमीनमालकाने बिल्डरला दिलेल्या मुखत्यारपत्राची तारीख, बरीच जुनी. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते पत्रही संपतं; तो अजून हयात आहे ना, हा प्रश्न तिच्या जिभेवर आपोआप तयार झाला. हेरंबने पाहिलंच असेल. पाहिलं असेलच का?

"तुम्ही पाहिलंत ना?" ती म्हणाली. "मग झालं."

हेरंब क्षणभर घुटमळला, मग मान हलवून आत गेला. त्यांचं टोकन पुकारलं. काउंटरपाशी नित्याने केस मागे सारून फोटोसाठी चेहरा सरळ धरला, लहानपणी शाळेच्या फोटोला धरायची तसाच. अंगठा टेकवला. सही केली. यशने केली. बिल्डरच्या माणसाने केली. कृष्णवेणी मांडीवरच्या मुलीच्या केसांतून हात फिरवत बसली आणि सगळा वेळ तिने त्या एका तारखेचाच विचार केला.

बाहेर आल्यावर यश पेढे आणायला गेला. दोघी झाडाखाली उभ्या राहिल्या. नित्याच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि थोडा आनंद, तो तिला आईपासून लपवायचा होता की दाखवायचा, हे कळत नव्हतं. कृष्णवेणीने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, स्वयंपाकघरात ऊन येतं का.

नित्या बोलायला लागली. सकाळचं येतं, ओट्यावर. खिडकी मोठी आहे, पण जाळी नाही, जाळी बसवून घ्यायची. सिंक डावीकडे आहे ते तिला आवडलं नाही, यश म्हणतो चालेल. भांड्यांचं कपाट बनवायला माणूस येणार आहे. पाळणाघर खालीच, त्या बाई तमिळ शिकवतात, मराठी मात्र घरीच बोलावी लागेल. इतकं सलग ती कितीतरी महिन्यांत आईशी बोलली नव्हती. कृष्णवेणी ऐकत राहिली. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

यश पेढे घेऊन आला. हेरंबसाठी एक पुडा, एक कृष्णवेणीच्या पिशवीत. गाडीत सामान होतं, पाळणाघराच्या बाईंना भेटायचं होतं, त्यांची वाट वेगळ्या दिशेची. यशने रिक्षा बोलावतो म्हटलं. कृष्णवेणी म्हणाली, बस समोरच थांबते.

नित्याने श्रीनिधीला आईच्या कडेवरून घेतलं. मुलगी आजीच्या चष्म्याची दोरी सोडेना, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"घर लागलं की ये तूं कधीतरी," नित्या म्हणाली. "आधी फोन कर, म्हणजे मी असेन."

"येते," कृष्णवेणी म्हणाली, आणि बस आली नव्हती तरी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली.